काटा हलला नाही

ग्रिम्सबीच्या कारखान्यात माझं काम वासाचं.
पट्ट्यावरून हॅडक येतो, मी कल्ला उचलते,
नाक जवळ नेते, पुढे सोडते किंवा नाही.
एक मासा गेलेला निघाला की अख्खी पेटी बाद.
कॉलिन म्हणतो, यंत्र चुकेल, सारंगबाई चुकणार नाहीत.

आणि माझ्याच तोंडात एक मयत होतं,
एकतीस वर्षं.

वरचा, समोरचा, डावीकडचा.
देवगडला होडीतून उतरताना काठावर आपटले,
रक्त आलं, मिठाच्या पाण्याने चूळ भरली.
आठवड्याने ठणका थांबला
तेव्हा आईने देवापुढे नारळ वाढवला.
बरा झाला, म्हणाली.
बरा कुठला. मेला होता.
मेल्यावर दुखत नाही, एवढंच.

मग तो सावकाश राखाडी होत गेला,
इथल्या डिसेंबरातल्या दुपारी तीनसारखा.
लग्नाच्या फोटोत माझे ओठ मिटलेले,
बारशाच्या फोटोत मिटलेले.
लेक विचारायची, आई, तू सगळीकडे रागावलेली का?
घरात माणूस गेलं तर दहा दिवस शिवाशीव पाळतात.
याला ना सोयर ना सुतक.
जिवंतांच्या रांगेत उभा,
भाकरीचा तुकडा तोडायला सगळ्यांत पुढे.

गेल्या वर्षी संध्याकाळचा ताप सुरू झाला.
कधी शंभर, कधी नुसती कणकण.
बोटं सकाळी वळेनात. जिन्यात दम.
मी कारणं पुरवत राहिले:
फ्रीझरची थंडी,
पाळी जायचे दिवस,
हंबरवरून येणारा तो मेला वारा,
आई गेली आणि मला वेळेत तिकीट मिळालं नाही, ते.
अंगावर काढायची आमच्यात सवयच.
अंगाला कुणी विचारत नाही,
तुझ्यावर आणखी किती जागा उरलीय म्हणून.

जीपी बाईंनी छातीला नळी लावली, बराच वेळ.
झडपेपाशी कुजबुज ऐकू येते, म्हणाल्या,
जन्मापासूनची असेल. रक्त घेऊ.
आणि दात? दात शेवटचे कधी दाखवलेत?
मी हसले. ओठांनीच.
आमच्या गावात डेंटिस्टची यादी दोन वर्षं बंद आहे.

शेवटी हल. पूल ओलांडून, पदरचे पैसे मोजून.
डॉक्टर फोलारिनने पडदा माझ्याकडे वळवला:
मुळाच्या टोकाशी काळं वर्तुळ, मसुरीएवढं.
मी विचारलं, ताप याचाच? बोटं? ती कुजबुज?
असेलही, म्हणाला. नसेलही.
इथले जंतू रक्तात उतरतात कधीकधी,
एखाद्याच्या झडपेवर बिऱ्हाड करतात.
सगळ्यांच्या नाही.
तुमच्याबद्दल मी शपथ घेणार नाही.
तिथेच मला तो पटला.
मासा कालचा की आजचा, असं गिऱ्हाइकाने विचारलं
की माझे वडील आधी असेच थांबायचे,
आणि मग खरं सांगायचे.

काढला. फारसा अडून बसला नाही.
मुळाला तपकिरी काहीतरी चिकटलेलं,
आणि वास.
तो मला आला.
जो मी रोज पट्ट्यावरून हाताने बाजूला काढते, तोच,
नाकापासून दोन बोटांवर राहत होता
आणि मी चुकले होते.

ताप मंगळवारी आला नाही.
शुक्रवारी थोडा आला.
हृदयाची सोनोग्राफी एकोणीस तारखेला.
बोटं अजून धरतात. वय असेल. बघू.

रात्रपाळीला तो पाकिटातून नेला,
पेटी मोजतो त्या काट्यावर ठेवला.
कॉलिन बघत होता, काही बोलला नाही.
काटा पाच ग्रॅमच्या खालचं मोजत नाही.
शून्य.
उचलून परत ठेवला, मधोमध.
शून्य.

मग मी दात काढले,
मोठ्याने, सगळ्या पाळीसमोर,
उरले होते तेवढे.